काकस्नान की अभ्यंग? चोवीस उंदरांच्या ग्रूमिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरातलं एक फार्मसी कॉलेज. एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, तिला इथे ओवी म्हणू, एका वनस्पतीच्या अर्काने उंदरांची भीती कमी होते का, हे पाहत होती. माणसांची नावं बदलली आहेत. कॉलेजचं आणि वनस्पतीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी ओवीची गाइड नव्हते. शेजारच्या विभागात संशोधनपद्धती शिकवते, आणि आकडे जुळेनात तेव्हा तिच्या गाइडने तिला लॅपटॉपसकट माझ्याकडे पाठवलं.

मराठीत ‘उंदीर’ या एका शब्दात रॅटही बसतो आणि माऊसही. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मात्र कुणी उंदीर म्हणत नाही. तिथे ‘रॅट’ आणि ‘माइस’ असंच चालतं. या लेखात उंदीर म्हणजे विस्टार जातीचा पांढरा, लाल डोळ्यांचा रॅट. १८९६ च्या प्लेगपासून या शहरात उंदीर दिसला की मारायचा असतो, बघत बसायचा नसतो. ओवीच्या घरी तर जेवताना प्रोजेक्टचा विषय काढायलाही बंदी होती.

प्रयोग नेहमीचा. चोवीस नर उंदीर, सहा-सहांचे चार गट. एका गटाला नुसतं द्रावण, एकाला डायझेपाम हे भीती कमी करणारं नेहमीचं औषध, उरलेल्या दोघांना अर्काचा कमी आणि जास्त डोस. त्यानंतर प्रत्येकाला एक मीटर लांब-रुंद, उंच भिंतींच्या उघड्या पेटीत पाच मिनिटं सोडायचं आणि वरून व्हिडिओ घ्यायचा. पेटीच्या तळावर पंचवीस चौकोन आखलेले. हीच ती ‘ओपन फील्ड’ चाचणी. कॅल्व्हिन हॉल यांनी १९३४ मध्ये ती मांडली, तेव्हा त्यांची पेटी गोल होती आणि भीती मोजायला ते उंदराच्या लेंड्या मोजत. आता लेंड्यांपेक्षा हालचालींवर भर असतो. किती चौकोन ओलांडले, किती वेळा मागच्या पायांवर उभा राहिला, म्हणजे रिअरिंग, आणि किती ग्रूमिंग केलं, म्हणजे स्वतःचं अंग साफ केलं.

अडचण

ओवीने चोवीसही व्हिडिओ स्वतः पाहून मोजले. अर्काच्या दोन्ही गटांत ग्रूमिंग कमी आलं. नव्या जागेत घाबरलेला उंदीर ग्रूमिंग जास्त करतो असं तिने वाचलं होतं, त्यामुळे तिने लिहिलं की ग्रूमिंग कमी, म्हणजे भीती कमी. प्रबंधाचा सारांशही लिहून झाला.

मग गाइडने पद्धत म्हणून निनादला, एक वर्ष मागच्या विद्यार्थ्याला, तेच व्हिडिओ मोजायला दिले. त्याच्या आकड्यांत अर्काच्या गटांत ग्रूमिंग वाढलं होतं. थोडंथोडकं नाही, स्पष्ट वाढलं होतं. रिअरिंगचे आकडेही बऱ्याच उंदरांत एकमेकांपासून लांब. एका व्हिडिओत ओवीने ग्रूमिंग ११ वेळा लिहिलं होतं आणि निनादने ४. दोघंही हुशार, दोघांनीही मन लावून पाहिलेलं. विभागात कुजबुज सुरू झाली की कुणीतरी एकाने टाळाटाळ केली आहे.

मी दोघांना शेजारी बसवलं आणि तो एकच व्हिडिओ लावला. ‘ग्रूमिंग सुरू झालं की टेबलावर बोट टेकवा, थांबलं की उचला,’ एवढंच सांगितलं. दोन मिनिटांत उलगडा झाला. उंदराने पंजे नाकावरून फिरवले, क्षणभर थबकून मान वर केली, पुन्हा पंजे फिरवले. ओवीने इथे बोट दोनदा टेकवलं, निनादने एकदाच टेकवून ठेवलं. मग उंदराने मागच्या पायाने कान खाजवला. ओवीचं बोट टेकलेलं, निनादचं वर. उंदीर कुल्ल्यांवर बसून, दोन्ही पुढचे पंजे उचलून तोंड धुऊ लागला, तेव्हा ओवीने ग्रूमिंग धरलं आणि निनादने ग्रूमिंगसोबत एक रिअरिंगही लिहून टाकलं.

शिवाय गटांची तुलना करताना ओवीने धरल्या होत्या खेपा आणि निनादने सेकंद. अर्काच्या गटातले उंदीर कमी खेपांत, पण बराच वेळ अंग साफ करत होते. त्यामुळे खेपा घटल्या आणि सेकंद वाढले. दोघांचेही आकडे खरे होते. ‘ग्रूमिंग’ या शब्दाची व्याख्या प्रबंधात कुठेच नव्हती. ‘ग्रूमिंग नोंदवलं’ एवढंच वाक्य होतं.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय गाइडच्या मनात होता. ओवीचा प्रबंध, ओवीचे आकडे. निनादचं काम ही फक्त तपासणी होती, ती बाजूला ठेवायची. दुसरा पर्याय दोघांची सरासरी काढण्याचा. हा मात्र ऐकूनच मला हसू आलं. खेपा आणि सेकंद यांची सरासरी म्हणजे किलोमीटर आणि लिटर मिळवण्यासारखं.

निनादचा आग्रह सॉफ्टवेअरचा होता. वरून घेतलेल्या व्हिडिओत उंदराच्या शरीराचा मध्य शोधून तो किती अंतर चालला, भिंतीलगत किती राहिला हे संगणक माणसापेक्षा चांगलं सांगतो, यात वाद नाही. पण वरून पाहताना तोंड धुणारा उंदीर आणि नुसता बसलेला उंदीर हे दोन्ही संगणकाला एक पांढरा गोळाच दिसतात. ग्रूमिंग ओळखायला त्यालाही आधी माणसानेच खुणा करून शिकवावं लागतं. आणि आमच्या खुणाच जुळत नव्हत्या!

ओवीचं म्हणणं होतं की सगळं पुन्हा करू. ते वाटतं तितकं सोपं नाही. एक तर जितक्या प्राण्यांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजुरी दिली, तितकेच वापरता येतात. दुसरं म्हणजे ओपन फील्डची सगळी ताकद त्या जागेच्या नवखेपणात असते. तोच उंदीर दुसऱ्यांदा पेटीत गेला की जागा ओळखीची झालेली असते आणि त्याचं वागणं बदलतं. म्हणजे नवे चोवीस जीव लागणार, तेही आपण शब्द नीट लिहिले नाहीत म्हणून.

उरला शेवटचा पर्याय. व्याख्या लिहायच्या, सरावाचे व्हिडिओ घेऊन दोघांची नजर जुळवायची, मग तेच चोवीस व्हिडिओ गट न कळता पुन्हा मोजायचे. ओवीच्या हातात सात आठवडे होते. आम्ही हा मार्ग घेतला.

व्याख्या कशा ठरल्या

पहिल्या दिवशी फळ्यावर जे शब्द आले ते असे: घाबरलेला, चौकस, निवांत, कंटाळलेला. मी ते सगळे पुसायला लावले. उंदराच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही. पाय कुठे आहेत, पंजा कशाला लागला आहे, हे दिसतं. व्याख्येत तेवढंच यायला हवं, अर्थ नंतर लावू.

चालण्याचं त्यातल्या त्यात लवकर जमलं. मागचे दोन्ही पाय जागचे हलले तरच चालणं, आणि चारही पाय रेषेपलीकडे गेले तरच चौकोन ओलांडला असं धरायचं. पण त्यातून एक वेगळी हालचाल बाहेर पडली. मागचे पाय जागेवर रोवलेले, अंग जमिनीलगत पुढे ताणलेलं, नाक मध्याच्या दिशेने, आणि मग सर्रकन मागे. धोक्याचा अंदाज घेणारा उंदीर असं करतो. ओवी याला चालणं धरत होती, निनाद काहीच धरत नव्हता. आम्ही तिला ‘ताणणे’ असं स्वतंत्र नाव दिलं.

रिअरिंगची व्याख्या झाली: दोन्ही पुढचे पंजे जमिनीवरून उचललेले आणि धड वर गेलेलं. पंजा भिंतीला टेकला असेल तर ‘आधाराने’, नसेल तर ‘बिनआधाराने’. पंजे पुन्हा जमिनीला लागल्याशिवाय पुढचं रिअरिंग मोजायचं नाही. आणि पंजे तोंडाला लागलेले असतील तर ते रिअरिंग नव्हे, ते ग्रूमिंग. या शेवटच्या वाक्याने निनादचे कितीतरी आकडे खाली आले.

गोठण्याच्या, म्हणजे जागच्या जागी थिजून राहण्याच्या, व्याख्येत आम्ही आधी लिहिलं की श्वासाखेरीज कसलीही हालचाल नाही, मिशांचीसुद्धा नाही. मग लक्षात आलं की वरच्या कॅमेऱ्यात मिशा दिसतच नाहीत. जे दिसत नाही ते व्याख्येत ठेवून उपयोग काय? ‘डोकं आणि धड किमान २ सेकंद स्थिर’ असं केलं. हुंगणंही वेगळं काढता येईना, कारण जागा असलेला उंदीर जवळजवळ सतत हुंगतच असतो. तेव्हा ‘जागेवर हुंगणे’ ही इतर काही चालू नसतानाची हालचाल ठरली.

खरा वेळ गेला ग्रूमिंगवर. उंदराचं अंग साफ करणं बेशिस्त नसतं, त्याला क्रम असतो, नाकाकडून शेपटीकडे जाणारा. सुरुवातीला दोन्ही पंजे नाक आणि मिशांभोवती भराभर लहान वर्तुळं काढतात, सेकंदाला सहा-सात. मग एकेका पंजाचे लहान, वाकडे फटकारे. मग दोन्ही पंजे कानांमागून पुढे येणारे मोठे हात मारतात. आणि मग उंदीर अंग वळवून कुशी, पोट चाटायला लागतो. ही साखळी मेंदूतल्या स्ट्रायटम नावाच्या भागावर अवलंबून असते. तिथे इजा झाली तर सुट्या हालचाली राहतात, पण साखळी पुरी होत नाही. आमचा व्हिडिओ सेकंदाला पंचवीस चित्रांचा होता, म्हणजे नाकावरच्या एका फेऱ्याला जेमतेम चार चित्रं. नेहमीच्या वेगाने पाहून हे कळणं अशक्यच. वेग पाव केला, तेव्हा कुठे टप्पे दिसू लागले.

इथे अ‍ॅनिमल हाऊसचे मामा कामी आले. मामा तिथले अटेंडंट. वीस वर्षांहून जास्त काळ पिंजरे धुतायत, भूसा बदलतायत. चहा घेऊन आले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘हा काय आंघोळ करत नाय मॅडम. काकस्नान चाललंय त्याचं. नाक ओलं केलं की झालं.’ पुढच्या व्हिडिओवर म्हणाले, ‘हां, ह्याची दिवाळी! अभ्यंग.’

मला वाटतं सात आठवड्यांतलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच. तोंडापाशीच तुटणारं, पुन्हा पुन्हा सुरू होणारं ग्रूमिंग आणि नाकापासून कुशीपर्यंत पुरं होणारं ग्रूमिंग, हे दोन वेगळे प्रकार आहेत. अस्वस्थ उंदरांत पहिला जास्त दिसतो, सरावलेल्या उंदरांत दुसरा. ओवीचे ११ आणि निनादचे ४ यांच्यामागे हेच होतं. आम्ही तक्त्यात ‘तोंड धुणे’, ‘अंग चाटणे’, ‘खाजवणे’ आणि ओल्या कुत्र्यासारखं ‘झटकणे’ असे चार रकाने केले. सहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडला तर नवी खेप; ग्रूमिंगवरच्या लेखनात हा संकेत आढळतो, तोच घेतला. काकस्नान आणि अभ्यंग ही नावं तक्त्यात ठेवायची का, यावर मात्र वाद झाला. निनादला ती हवी होती, कारण विसरणं शक्य नाही. मी नको म्हटलं. ‘अभ्यंग’ म्हटलं की उंदीर खुशीत आहे हे आपण आधीच ठरवून टाकतो. शेवटी तक्त्यात ‘अपुरी साखळी’ आणि ‘पुरी साखळी’ गेलं, बोलण्यात मामांचे शब्द राहिले.

नजर जुळवणं

चोवीस व्हिडिओंना हात लावण्याआधी, सरावाच्या वेगळ्या उंदरांचे व्हिडिओ घेतले. दर पाच सेकंदांनी व्हिडिओ थांबवायचा आणि त्या क्षणी काय चाललंय ते लिहायचं, म्हणजे पाच मिनिटांचे साठ क्षण. फक्त ग्रूमिंग आहे की नाही, एवढंच पाहिलं तर पहिल्याच फेरीत दोघांचं ८४ टक्के जुळलं. ओवी खूश झाली.

मी तिला हिशेब करून दाखवला. समजा दोघंही डोळे मिटून दहापैकी आठ वेळा ‘ग्रूमिंग नाही’ लिहीत आहेत. तरीही नुसत्या योगायोगाने ६४ (दोघांचंही ‘नाही’) अधिक ४ (दोघांचंही ‘आहे’), म्हणजे ६८ टक्के जुळणारच. उरलेल्या ३२ पैकी यांनी १६ मिळवले, म्हणजे निम्मे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा आकडा नेमकं हेच सांगतो: ०.५०. ओवीचा चेहरा पडला, पण तिला ते एकदा समजलं ते कायमचं. जिथे जुळत नव्हतं ते क्षण शोधून, व्याख्येतले शब्द बदलून, तिसऱ्या फेरीत कप्पा ०.८१ वर आला.

मग खऱ्या व्हिडिओंची पाळी. फायलींची नावं ‘कंट्रोल-३’, ‘हाय-डोस-५’ अशी होती. पाहणाऱ्याला गट आधीच कळायचा. मामांनी चिठ्ठ्या काढून नवे क्रमांक दिले आणि यादी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली.

मध्येच आलेलं वळण

सोळाव्या-सतराव्या व्हिडिओपाशी निनाद म्हणाला, ‘मॅडम, काही उंदीर वेगळंच करतायत.’ त्या व्हिडिओंत अंग चाटणं लांबलचक होतं, पण क्रमाने येत नव्हतं. थेट पोट आणि वृषणांकडे, थुंकीने ओलं होईपर्यंत. त्यानंतर उंदीर पोट जमिनीला लावून, पाय पसरून पडून राहत. आमच्या तक्त्यात हे सगळं ‘अंग चाटणे’मध्येच जात होतं, आणि मनातल्या मनात आम्ही त्याला अभ्यंग म्हणत होतो.

मामांनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. ‘हे एसी बंद होता त्या दिवसाचे.’

उंदराला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याचं भागत नाही. उकडलं की तो अंगाला थुंकी फासतो, ती सुकताना अंग थंड होतं. मे महिन्यातली मुंबई, हवेत इतका दमटपणा की थुंकीही लवकर सुकत नाही. मग तो आणखी फासतो. मामांच्या रजिस्टरमध्ये नोंद होती: पहिल्या दिवशी दुपारी २४ अंश, दुसऱ्या दिवशी ३३.

पुढचा प्रश्न विचारायला मलाच धीर होईना. पहिल्या दिवशी कोणते गट केले होते? ओवीने वही उघडली. पहिल्या दिवशी द्रावण आणि डायझेपाम. दुसऱ्या दिवशी अर्काचे दोन्ही डोस. सोयीचं म्हणून, एकाच दिवशी सगळी औषधं तयार करावी लागू नयेत म्हणून. म्हणजे अर्काचे बाराही उंदीर ३३ अंशांत आणि तुलनेचे बाराही २४ अंशांत. खेपा कमी होणं, सेकंद वाढणं, साखळी पुरी होणं, यातलं किती अर्काचं आणि किती उकाड्याचं, हे या चोवीस व्हिडिओंतून कुणालाही वेगळं काढता येणार नव्हतं. कप्पा कितीही चांगला येवो.

निष्पत्ती

मोजणी तरी पुरी केली. यादी उघडल्यावर आकडे अपेक्षेप्रमाणेच आले. अर्काच्या गटांत अंग चाटणं जास्त, तोंडापाशी तुटणाऱ्या खेपा कमी. दोन आठवड्यांपूर्वी आले असते तर याच आकड्यांवर आम्ही पेढे वाटले असते. गाइडने एक दिवस मागून घेतला आणि मग स्वतःच सांगितलं की अर्काने भीती कमी होते हा दावा सारांशातून काढायचा. त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं, हे नोंदवायला हवं. प्रबंधात व्याख्या, नजर जुळवण्याची पद्धत आणि तापमानाची अडचण, तिन्ही गेली. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा तास फक्त तापमानावर विचारलं. ओवी पास झाली, आणि वर्षभराने दुसऱ्या विद्यार्थिनीने समितीची रीतसर मंजुरी घेऊन प्रयोग नव्याने केला, दर दिवशी चारही गटांतले उंदीर घेऊन.

पुन्हा करायचं झालं तर

व्याख्या आधी लिहायला हव्या होत्या, हे उघड आहे. मला जास्त टोचतं ते वेगळं. आम्ही मामांना सातव्या आठवड्यात विचारलं. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर रजिस्टर तेव्हाच उघडलं असतं आणि आमची सगळी धडपड वेगळ्या दिशेने गेली असती. ओवीला एकदा उंदराच्या पंज्यावर लाल डाग दिसला होता, रक्त समजून तिने तो उंदीर जवळजवळ बाद केला होता. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून येणारा पोर्फिरिनचा लालसर स्राव तोंड धुताना पंज्याला लागतो, ते रक्त नव्हे, हेही तिला मामांनीच सांगितलं होतं. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं की इथे जाणकार कोण आहे.

कॅमेरा बाजूनेही हवा होता. एक जुना फोन भिंतीला लावला असता तरी रिअरिंगचे निम्मे वाद झाले नसते. आवाजही नोंदवायला हवा. ऑगस्टमधल्या एका सराव-व्हिडिओत उंदीर पाऊण मिनिट गोठून बसला आहे आणि का ते कळत नाही. नंतर तारीख पाहिली तर रस्त्यावरून गणपतीच्या आगमनाची मिरवणूक गेली होती.

वेळेचा निर्णय मी अजूनही चुकीचा म्हणेन. उंदीर निशाचर, आम्ही व्हिडिओ घेतले दुपारी, त्याच्या झोपेच्या वेळी, कारण ओवीला बदलापूरची गाडी पकडायची असायची. खोलीतले दिवे टायमरवर उलटे लावले, बारा तास दिवसा अंधार आणि बारा तास रात्री उजेड, तर त्याची रात्र आपल्या दुपारी येते आणि गाडीही चुकत नाही. त्याला काही आठवडे आधीपासून सरावावं लागतं, एवढंच.

नव्या विद्यार्थिनीच्या पहिल्याच सराव-व्हिडिओत उंदीर शेपूट चाटत बसला होता. पुरी साखळी की अपुरी, यावर ती आणि निनाद दहा मिनिटं भांडले. मामा म्हणाले, शेपटीवर मार्करने नंबर सकाळीच घातलाय ना, तो काढतोय. आता नंबर आदल्या दिवशी घालतात, आणि तक्त्यात शेपटीचा रकाना वेगळा आहे.